हशा पेरणारा

आमचे भावोजी हसण्याचा पगार घेत. विनोदी नाटक असलं की कंपनी त्यांना मधल्या रांगेत साध्या प्रेक्षकासारखं बसवायची. विनोदाचा पंच पडला की क्षणभर थांबून पहिलं हसू त्यांनी सोडायचं, मग बाकीचं थिएटर आपोआप हसायचं. घाई केली तर लोक वळून बघतात, उशीर झाला तर विनोद मेलेला असतो. या टायमिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी त्यांच्यावर चिडलेलो असतानाही कबूल करतो.

पण या धंद्याने माणूस पार नासला. कुणाचंच हसणं त्यांना खरं वाटेना. मी हसलो की विचारायचे, काय काम काढलंस? माझी ताई फोनवर हसली की त्यांच्या हातातला पेपर खाली यायचा.

एका रविवारी कंपनीचा मुख्य नट त्यांच्याकडे जेवायला आला. मीही होतो. जेवता जेवता त्याने एका शिंप्याचा विनोद सुरू केला. उभारणी मस्त चालली होती, शिंपी अजून कात्रीच शोधत होता, पंच बराच लांब होता, आणि ताई खुदकन हसली. भावोजींचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत होतं. पंचाआधी हसतो तो विनोद आधी ऐकलेला माणूस. मग हिने हा ऐकला कुठे? या नटाकडून? कधी?

नट जाईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. दार लागताच ताईला हेच विचारलं, माझ्यादेखत. माझं डोकंच फिरलं, पण ताईने मला हातानेच थांबवलं.

"तुमचाच आहे तो विनोद," ती म्हणाली. "लग्नाआधी बागेतल्या बाकावर सांगितला होतात. त्यांनाही तुम्हीच कधीतरी सांगितला असेल."

भावोजींना आठवलं असावं, चेहरा एकदम निवळला. मला हायसं वाटलं. आता हा माणूस माफी मागेल, असं मी धरून चाललो होतो.

ते तिच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा तरी खरंच हसली होतीस ना?"

ताई ताटं उचलून आत गेली. आता ती हसते ती माझ्या घरी, तेही भावोजी सोबत नसले तर.