मक्यातले कॉलेज आणि अल्विना

अल्विना होलेचेक आणि मी झेलेन्का गावच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. सिस्टर बर्नाडाईन आम्हाला शरीरशास्त्र शिकवत. हृदयापर्यंत आल्या की त्या थेट गुडघ्यावर उतरत. मधला भाग अल्विना घरी वासरांवर पाहून घेई. तिला नर्स व्हायचे होते. आठवीनंतर आई वारली आणि ती वडील व धाकटा भाऊ एमिल यांच्या स्वयंपाकाला लागली. पुढे वडील गेले. स्वयंपाक राहिला.

त्या काळी आमच्या गावाचे सार्वजनिक कॉलेज हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर भरत असे. टायपिंगचा वर्ग सुरू झाला की खाली बीजगणित थांबे. शेजारच्या मार्लो गावाचे कॉलेज बँकेच्या तळघरात होते. नर्सिंग दोन्हीकडे नव्हते, कारण सांगाडा उभा करायलाही जागा नव्हती. शेवटी राज्य सरकारने कळवले की दोन्ही गावांनी मिळून एकच मोठे कॉलेज बांधावे, नर्सिंगसकट, नाहीतर अनुदान बंद.

झेलेन्का आणि मार्लो यांनी तोवर मिळून केलेली एकच गोष्ट म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरची मारामारी. कॉलेजसाठी कर बसवायचा तर दोन्ही गावांचे मत हवे होते, आणि इमारत हातभर जरी दुसऱ्या गावाकडे सरकली तरी लोक विरोधात मत देणार होते. दोन्ही गावांच्या समितीने एका पोस्ट ऑफिसपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजले. मध्य निघाला होलेचेकांच्या मक्यात.

समितीचे अध्यक्ष ऑर्विल बूमगार्ट स्वतः गेले. "एमिल, भाव चांगला देतो."

"मका उभा आहे."

"कापणीनंतर घेऊ."

"कापणीनंतर पेरणी असते," एमिल म्हणाला. "आणि अशी काळी माती जिल्ह्यात दुसरी नाही."

होलेचेक मंडळी भांडत नाहीत. ती कुत्र्यामार्फत बोलतात.

"फ्रिट्झ, तिला सांग, सूप खारट झालंय."

"फ्रिट्झ, त्याला सांग, आवडत नसेल तर बूमगार्टकडे जेवायला जा. त्याला जमीन दाखव, तो पोटभर वाढेल."

असे बरेच दिवस चालले. मग एका संध्याकाळी अल्विनाने कुत्र्याला बाहेर काढले. पुढचे संभाषण तिने मला दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर सांगितले.

"एमिल, ओमाहाच्या हॉस्पिटलने मला नर्सिंगला घेतलंय. इथे कॉलेज झालं नाही तर मी तिकडे चालले."

"वय काय तुझं!"

"इथे राहिले तरी तेवढंच होणार."

"मग माझ्या जेवणाचं काय?"

"तेच तर. कॉलेज तुझ्याच शेतात झालं तर शिकेपर्यंत मी समोर असेन. ट्रॅक्टरवरून दिसेन. दुपारी येऊन डम्पलिंगचे गोळे वाफवून जाईन."

एमिलने खिडकीतून शेताकडे बोट दाखवले. "त्या तुकड्यात पाणी साचतं," तो म्हणाला. "बूमगार्टला सांगू नकोस."

कॉलेजच्या तळघरात पंप अजून चालू असतो.

कर मंजूर झाला. मग मुख्य दार कोणत्या गावाकडे असावे यावर वाद झाला आणि इमारतीला दोन मुख्य दारे केली. मागचे दार करायला भिंत उरली नाही. कचरा कोणत्या मुख्य दारातून न्यायचा, यावर अजून बैठका होतात.

अल्विना मक्याची धसकटे तुडवत गमबूट घालून वर्गाला जाई, पांढरे बूट हातात. वर्गातल्या मुली तिच्या भाच्या शोभल्या असत्या. सिस्टरनी गाळलेला भाग तिने पहिल्याच महिन्यात वाचून काढला. "विशेष काही नाही गं," ती मला म्हणाली. "सिस्टर उगाच घाबरल्या." दुपारी ती घरी येऊन डम्पलिंग वाफवी. दिलेला शब्द तिने शेवटच्या परीक्षेपर्यंत पाळला.

ती पास झाली आणि नोकरीसाठी ओमाहाला गेली.

"तू इथेच राहणार होतीस," बसच्या थांब्यावर एमिल म्हणाला.

"शिकेपर्यंत म्हटलं होतं, एमिल."

त्याने तिची बॅग बसमध्ये चढवली आणि पेरणीला गेला.

शरदात कॉलेजने संध्याकाळचे वर्ग सुरू केले. स्वयंपाकाच्या वर्गात दोन्ही गावांच्या बायका आणि एमिल.

"मिस्टर होलेचेक, पुरुषांसाठी वेल्डिंग आहे," बाई म्हणाल्या.

"वेल्डिंग खाता येत नाही."

"अहो, पण सगळ्या बायकाच आहेत इथे."

"शेत माझं होतं," एमिल म्हणाला आणि ओट्याजवळ उभा राहिला.

नाताळला अल्विना आली. एमिलने आम्हा दोघींना बसवून वाढले: डुकराचे मांस, आंबवलेली कोबी, डम्पलिंग. डम्पलिंग कापायला सुरीवर जोर द्यावा लागला. अल्विनाने ताट संपवले, तोंड पुसले आणि विचारले, "पुढच्या सत्राला काय घेतोयस?"

"शिवण," एमिल म्हणाला.