मागच्याला सांगायचं असतं

"दात दाखव."

मी दाखवले. कारकुनाने माझा खांदा दाबून पाहिला, पोटरीवर छडी मारून पाहिली आणि शिपायाला म्हणाला, "हा चालेल. पुढे जुंप." अख्ख्या पोशेरा गावासमोर. माझी बायको नागली कापायची थांबून बघत होती. मी मान खाली घालून उभा. फार लाज वाटली.

जव्हार संस्थानात वेठ आहे. कोणी साहेब निघाला की पाड्यावरची माणसं धरायची आणि त्यांच्या खांद्यावर त्याची डोली द्यायची. मजुरी नाही, भाकरी घरची. डोलीला पुढे एक, मागे एक. मागच्याला पायाखालचं दिसत नाही, त्याच्यासमोर साहेब लोंबत असतो. म्हणून पुढच्याने ओरडायचं. दगड हाय. पाणी हाय. खड्डा हाय. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. बाप ओरडतो, ते ऐकून मुलगा ओरडतो.

निघताना माझ्या मागे माझा चुलतभाऊ होता. त्याच्यासाठी मी साधा खडासुद्धा सोडला नाही. वाटेत त्याला ताप भरला. तेव्हा कारकुनाने सामान वाहणाऱ्या लहान्याला मागे लावलं. लहान्या कातकरी. आमच्याच पाड्याबाहेर त्याची झोपडी, पण आम्ही शेतवाले त्याच्या हातचं पाणी पीत नव्हतो.

घाटाच्या उतारावर गवताखाली पावसाने खोल घळ पाडली होती. मला दिसली. मी लांब पाय टाकून ओलांडली. ओरडलो नाही.

शपथेवर सांगतो, त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. काहीच नव्हतं. माझ्या मागे माणूस आहे हेच मनात नव्हतं.

डोली आपटली. साहेब चिखलात. कारकून धावला, आईने पदराने पुसावं तसं साहेबाला उपरण्याने पुसू लागला. लहान्याच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "दादा, तू बोल्ला नाय रं?"

"त्याला बाजूला ओढा," कारकून म्हणाला. "बैल बसला म्हणून कोणी मुक्काम करतं का? दुसरा लावा."

मला त्याचा संताप आला. आणि लगेच स्वतःचाही. मी तरी वेगळं काय केलं होतं? ज्याने सकाळी माझे दात पाहिले, त्याच्याच डोळ्यांनी मी लहान्याकडे पाहिलं होतं. आणि मला ते जडही गेलं नव्हतं.

"डोली उचल," कारकून म्हणाला.

"नाय उचलणार."

छडी तोंडावर बसली. मग पाठीवर. मी लहान्याला पाठीवर घेतलं आणि गावाकडे परत चालू लागलो. त्याचा घाम माझ्या मानेवर येत होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला शिवलो होतो.

पाय सडला. आठवडाभरात लहान्या गेला. मी त्याच्या झोपडीत गेलो, त्याच्या बायकोला सगळं खरं सांगितलं. म्हटलं, मला खड्डा दिसला होता, मी सांगितलं नाही. वाटलं, ती शिव्या देईल. ती चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "तुमी लोकं आमाला कवा सांगता?"

कितीदा रडलो, त्याने लहान्या काही परत येत नाही.

त्यानंतर शिपाई पुष्कळदा आले. मार खाल्ला, जव्हारच्या कोठडीत बसलो, खांदा दिला नाही. आता ते सोपं माणूस शोधत आधी कातकऱ्यांच्या झोपड्यांकडे वळतात. मी तिथेच वाटेवर उभा असतो. पाड्यातले माझेच लोक म्हणतात, शिपायांना जाऊ दे ना तिकडे, आपण तरी सुटतो. त्यांचंही मी ऐकत नाही, वाट सोडत नाही.