थर्मासमधली ताडी

हे सांगायचं मी वीस वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामाचं कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

माझं काम व्यसनाचं. दारूची आठवण देणारी वस्तू दिसली, वास आला, की मेंदूत काय होतं हे आम्ही मुंबईतल्या प्रयोगशाळेत मोजायचो. आधी उंदरांवर, नव्वदच्या दशकात माणसांवर. दारू सोडलेल्या माणसाला वास द्यायचा आणि नाडी, बोटांचा घाम यांची रेघ कागदावर उमटवून घ्यायची. एक नियम कडक होता. रेघ पुन्हा खाली येईपर्यंत माणसाला सोडायचं नाही. तास लागो, दोन लागोत, शेजारी बसून राहायचं.

फुलपाड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये अर्नाळ्याची एक कोळीण मासे घेऊन यायची. मला दादा म्हणायची. तिच्या नवऱ्याने दारू सोडून अकरा महिने झाले होते. दारू कायमची सुटली का, हे तपासता येईल का, असं तिने विचारलं. तसं काही तपासता येत नव्हतं. मी हो म्हणालो, कारण मला प्रयोगासाठी माणसं हवी होती.

प्रयोगशाळेतल्या रमच्या वासाने त्याची रेघ हललीच नाही. दुसऱ्या कुणी त्याला बाद केलं असतं. पण तो काय प्यायचा आणि कशाबरोबर, हे मी त्याच्याच ओटीवर बसून ऐकलं होतं. पुढच्या खेपेला मी थर्मासमधून ताडी नेली आणि डब्यातून भाजलेला सुका बोंबील. झाकणं उघडली आणि सुई कागदाच्या कडेला जाऊन आपटली. तो ओशाळं हसला. "डॉक्टर, ह्यो तर घरचा वास."

मी कागद फाडून घेतला आणि साहेबांना दाखवायला वरच्या मजल्यावर गेलो. तिथे चहा झाला. परत आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती.

तो तिसऱ्या दिवशी घरी पोचला, तोही दुसऱ्यांच्या आधाराने. चौथ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली, डोक्यावरची टोपली न उतरवता.

"दादा, काय केलंत त्याला? चांगला गेला होता."

व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, हे मी व्याख्यानांतून वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. तिला म्हणालो, "मनाचा कच्चा आहे तो. आम्ही तरी काय करणार?"

तिने ते खरं मानलं.

तो पुन्हा सावरला नाही. एकदा अर्नाळ्याला, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली बसलेला दिसला. मला पाहून उठायला गेला, जमलं नाही. "तुमचा कागद बरा आला ना?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. मी हो म्हणालो. ती रेघ तोवर माझ्या शोधनिबंधात छापूनही आली होती.

काही वर्षांनी तो गेला. ती मासे घेऊन येतच राहिली. एकदा पापलेट साफ करता करता, मी काही न विचारताच म्हणाली, "मनाचा कच्चा होता माझा मानूस, दुसरं काय."

माझं वाक्य कधीचं तयार होतं. बाई, तो कच्चा नव्हता. मी त्याला तिथे एकटं टाकून गेलो. माझं चुकलं. तिने वर पाहिलं, मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "दोन वाटे दे."