हुंकार देणारं माणूस

कोमलची आई दाखला मागायला आली नव्हती. ती पुस्तकं परत द्यायला आली होती. खताच्या रिकाम्या पिशवीतून तिनं सातवीची सगळी पुस्तकं काढली, पदरानं पुसली आणि माझ्या टेबलावर रचून ठेवली.

"ठिवा बाई," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या कामाला येतील."

कोमल दाराबाहेर उभी होती, आत येत नव्हती. आणि आत, माझ्या शेजारच्या खुर्चीत केंद्रप्रमुख साहेब बसलेले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. आमच्या शाळेची मुलं वाचनात पुढे गेली म्हणून ते त्या दिवशी फोटो आणि माहिती न्यायला आले होते. ज्या मुलीपासून हे सगळं सुरू झालं, त्या कोमलबरोबरच त्यांना एक फोटो हवा होता. योग म्हणतात तो असा.

आमची शाळा करमाडच्या पुढची, जिल्हा परिषदेची. मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. मुलं कोणाची, तर धनगरांची, वीटभट्टीवर जाणाऱ्यांची, शेंद्र्याच्या कंपन्यांत रोजंदारी करणाऱ्यांची. दिवाळी झाली की आईबाप बाहेर पडतात आणि आमचे बाक रिकामे होऊ लागतात. त्यावर सरकारी तोडगा आहे, हंगामी वसतिगृह. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात मूल रात्री नातेवाइकाकडे झोपतं, आणि दोन वेळचं जेवण व जादा अभ्यास शाळेत असतो. एक हमी कार्डही मिळतं. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं ते कार्ड बघून त्याला बसवून घ्यायचं. पण मेंढरं दोन-चार दिवसांनी मुक्काम हलवतात. तिथल्या वहीवर नाव चढेपर्यंत वाडा, म्हणजे धनगरांचा मेंढरांसकट तळ, पुढच्या गावाला गेलेला असतो. त्यामुळे धनगराच्या पोरीला शिकवायचं तर तिला गावातच ठेवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी तिच्या बापाला पटवावं लागतं.

कोमलच्या बापाला, मल्हारीला, मी पटवलं होतं. म्हणजे तीन वेळा त्यांच्या वाड्यावर जाऊन कुत्र्यांची बोलणी खाल्ली तेव्हा तो कबूल झाला. सहावीत ती आत्याकडे राहिली.

पण ठेवून घेणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. आम्ही मुलांचे वाचनाचे स्तर काढतो. कोणी अक्षर वाचतं, कोणी शब्द, कोणी वाक्य, कोणी अख्खा धडा. सहावीतली कोमल शब्दावर अडकलेली होती. मी तिला समोर बसवायची, हातात पेन्सिल घ्यायची आणि गप्प बसून ऐकायची. ट्रेनिंगमध्ये तसंच सांगतात. मध्ये बोलायचं नाही, चुकांवर खुणा करायच्या. ती दोन शब्द वाचून माझ्या तोंडाकडे बघायची. मग माझ्या पेन्सिलीकडे बघायची. मग बंद. नाव कोमल असलं तरी पोरीचा आवाज रानातला. मैदानावरून हाक मारली तर गावाच्या टोकाला ऐकू जाईल. पुस्तक हातात दिलं की मात्र तोंडातून अक्षर फुटत नसे. मी वैतागायची. एकदा तर मुख्याध्यापकांना, वाघमारे सरांना म्हणालेसुद्धा, की ही पोरगी माझा अंत बघणार.

मल्हारी रोज दिवस मावळताना माझ्या मोबाईलवर फोन करायचा. प्रश्न एकच. "बाई, पोरगी जेवली का?" एका संध्याकाळी माझ्यासमोर ऑनलाइन भरायच्या माहितीचा ढीग होता आणि डोकं फिरलेलं होतं. मी स्पीकर चालू केला, फोन कोमलच्या हातात दिला आणि म्हणाले, तुझ्या आबांना काहीतरी वाचून दाखव, म्हणजे त्यांना कळेल आम्ही इथं नुसतं जेवू घालत नाही.

तिनं एक ओळ वाचली, अडखळत. तिकडून मेंढरांच्या आवाजातून मल्हारी म्हणाला, "हं… मग?"

तिनं पुढची ओळ वाचली.

"हं… मग?"

पान संपलं. माहितीचा ढीग तसाच पडला होता आणि मी तिच्याकडे बघत बसले होते.

आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा समजतो, गडी झोपला, आणि गोष्ट तिथंच गुंडाळतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. डी.एड.ला ते कोणी शिकवलं नाही आणि मला ते शाळेत आठवलं नाही. समोर गप्प बसून पेन्सिल धरणाऱ्या बाईला कोण कशाला गोष्ट सांगेल?

मी वाघमारे सरांना सांगितलं. सर मितभाषी आणि शंकेखोर. त्यांनी विचारलं, "बापाला वाचता येतं का?"

"नाही."

"मग चुका कोण दुरुस्त करणार?"

"सकाळी मी करीन. संध्याकाळी फक्त हुंकार."

सरांनी शाळेचा जुना फोनही या कामाला दिला. मग आम्ही प्रत्येक मुलाला एक ऐकणारं माणूस शोधून दिलं. वीटभट्टीवरच्या आया फोनवर ऐकू लागल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेल्यात पळी फिरवत ऐकायच्या. ज्यांना कोणीच नव्हतं त्यांचं ऐकायला सर स्वतः ओट्यावर बसायचे, आणि त्यांचा हुंकार इतका हळू असायचा की मुलं ओरडून सांगायची, सर, जोरात म्हणा. नियम एकच होता. ऐकणाऱ्यानं चूक काढायची नाही, "मग?" विचारायचं.

वर्षभरात मुलं सुधारली. सगळी नाही, पण बरीच. गणितसुद्धा सुधारलं, कारण उदाहरण वाचता येऊ लागलं. कोमल सातवीत गेली तेव्हा अख्खा धडा वाचत होती, तोही सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. मी तिला हळू वाच म्हणायचं सोडून दिलं होतं. मल्हारी दिवाळीला भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, लई मजा येती. दिसभर मेंढरामागं चालताना काल कुठवर आलं होतं तेच डोक्यात ऱ्हातं." तिला दहावीपर्यंत ठेवायची, असं त्या दिवशी त्याच्याच तोंडून आलं. मला आनंद झाला हे सांगायला नकोच.

त्या हिवाळ्यात त्यांचा वाडा पैठण रोडनं गोदावरीकडे निघाला होता. त्या संध्याकाळी मल्हारीचा फोन आला नाही. कोमल पुस्तक उघडून बसलेली. नवा धडा होता, विहिरीचा. तिनं माझ्याकडे हट्ट केला, मॅडम तुम्हीच लावा. मी लावला. बराच वेळ वाजला आणि मग कोणीतरी उचलला. कोमलला हॅलो म्हणायची सवय नव्हती. तिनं सरळ वाचायला सुरुवात केली.

"गावाच्या वेशीबाहेर एक जुनी विहीर होती."

तिकडून हुंकार आला नाही. नुसता गाड्यांचा आवाज येत होता. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं तेच वाक्य आणखी मोठ्यानं वाचलं.

मग एक अनोळखी माणूस म्हणाला, "बाळा, जवळ मोठं कुणी हाय का? त्यांना फोन दे."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि बाहेर गेले. चितेगावच्या अलीकडे मेंढरं रस्ता ओलांडत असताना एका टेम्पोनं मल्हारीला उडवलं होतं. बायको सामानाच्या घोड्याबरोबर पुढे निघून गेलेली, मल्हारी मागं राहिलेली मेंढरं हाकत होता. फोन रस्त्याच्या कडेला वाजत होता म्हणून त्या माणसानं उचलला. मी परत आत आले तेव्हा कोमल त्याच पानावर बोट ठेवून बसली होती. मला नोकरीत पुष्कळ गोष्टी मुलांना सांगाव्या लागल्या आहेत. हे सांगायच्या आधी मी तिला जवळ घेतली. तिला कळलं.

मल्हारीचं दिवसकार्य झाल्यावर ती आठवडाभर शाळेत आली. जेवायची, बसायची. वाचायला सांगितलं की पुस्तक मिटायची. मावशींनी समोर बसून "मग?" विचारलं, सरांनी विचारलं, मी विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही. आणि मग तिची आई पिशवी घेऊन आली.

मी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली, म्हणून मीही खाली बसले. मी माझं सगळं बोलून घेतलं. पोरगी हुशार आहे. मुलींची निवासी शाळा आहे, राहणं-खाणं तिथंच, मी स्वतः घेऊन जाते. नाहीतर आत्याकडेच राहू दे, आम्ही आहोत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मेंढरं दोघांनी चालत्यात बाई," ती म्हणाली. "एक म्होरं, एक मागं. मागं ते चालायचे."

"दीर आहेत ना?"

"त्यांचा वाडा येगळा. त्यांना त्यांची मेंढरं हायती."

"मग मेंढरं विकली तर?"

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "मेंढरं इकून आमी कोण ऱ्हायचं बाई?"

केंद्रप्रमुख साहेबांनी घसा साफ केला आणि चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलीचा हक्क आहे, कायदा आहे, असं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "व्हय सायेब." तेवढंच. साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांना जे देता येत होतं ते त्यांनी दिलं. पण मेंढरांमागं चालायला माणूस कोणत्या योजनेत मिळत नाही.

मला राग आला होता. कोणाचा ते सांगता येणार नाही. या बाईचा तर नक्कीच नाही. ती उठली, आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"ते ऐकायचे तवा मी भाकरी थापत ऐकायची," ती म्हणाली. "त्या दिशी फोन उचलणाऱ्यानं सांगितलं, पोरगी हिरीचं वाचत व्हती. त्या हिरीचं पुढं काय झालं, ते तेवढं ऱ्हाऊनच गेलं."

मी उठले. टेबलावरची पुस्तकं पुन्हा त्या पिशवीत भरली आणि तिच्या हातात दिली. म्हणाले, पुस्तकं वर्षाच्या शेवटी जमा करायची असतात, आत्ता घेता येत नाहीत, नियम आहे. केंद्रप्रमुख शेजारीच उभे होते. कुठला नियम, हे त्यांनी विचारलं नाही. फोटोचंही नाव काढलं नाही. कोमलनं दारातच माझ्या पायाला हात लावला आणि आईच्या मागून गेली. वाघमारे सर फाटकापर्यंत सोडायला गेले.

त्यानंतर मी दिवस मावळताना फोन जवळ ठेवायची. बरेच दिवस काही आलं नाही. मीच लावायची तर मल्हारीचा फोन, जो आता आईजवळ होता, बंद लागायचा. चार्जिंग नसेल, रेंज नसेल, अशी स्वतःची समजूत घालायची. उन्हं तापायला लागली तेव्हा एका संध्याकाळी माझा फोन वाजला. वाडा पैठणच्या बाजूला नदीकाठी होता.

"मॅडम," कोमल म्हणाली. "वाचू?"

मी वाच म्हटलं. मागं मेंढरं ओरडत होती, कुत्रं भुंकत होतं, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती थोडी थांबली आणि तिच्या त्या रानातल्या आवाजात तिनं वाचलं.

"गावाच्या वेशीबाहेर एक जुनी विहीर होती."

आणि थांबली. हुंकार द्यायचं काम माझं होतं. गावभर हुंकार द्यायला शिकवणारी बाई मी. पण तोंडातून आवाजच निघेना. फोन तसाच कानाला धरून मी बसले. तिकडं भाकरीचा आवाज थांबला.

"हं," तिची आई म्हणाली. "मग?"

कोमलनं पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं. मी शेवटपर्यंत ऐकलं. विहिरीचं काय झालं ते मला पाठ होतं, तरी ऐकलं.

आमच्या उपक्रमाला पुढे आसपासच्या शाळांच्या केंद्रात शाबासकी मिळाली. साहेबांनी त्याला एक भारदस्त नाव दिलं. दुसऱ्या शाळांतले शिक्षक विचारतात, यासाठी कोणतं साहित्य लागतं. मी म्हणते, एक पुस्तक आणि हुंकार देणारं एक माणूस. ते पुस्तक लिहून घेतात. माणूस कुठल्या रकान्यात लिहायचं, ते त्यांना कळत नाही.

हजेरीपटावर कोमलच्या नावापुढे 'स्थलांतरित' आहे. तिचे आता मला क्वचित फोन येतात, आणि त्याचा अर्थ मला कळतो. ती वाचते, आई ऐकते. जाणारं कोणी सापडलं की मी आठवीची पुस्तकं पाठवणार आहे. तिच्या बाकावर मात्र अजून कोणाला बसवलेलं नाही, आणि रिकाम्या बाकासाठी आमच्याकडे कुठला उपक्रम नाही.