बांध न ओलांडता

माझे वडील, शालिग्राम नाना, कोर्टात बेलीफ होते. तीस वर्षं समन्स बजावली. घरात माणूस नसला तर पंचांसमोर दाराला कागद डकवायचे, पण कळवल्याशिवाय परतायचे नाहीत. आम्ही हसायचो, "नाना, चोराला आवतण कशाला?" ते म्हणायचे, "त्याची बाजू ऐकली नाही, तर तो निकाल नव्हे, हाणामारी."

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात कुणीतरी माझी सहाशे केळी कापून टाकली. निसवलेली, घड बाहेर पडलेली झाडं होती हो! माझं डोकंच फिरलं. शेजारच्या शिवारात खोपीत राहणाऱ्या कौतिकशी माझं पाटाच्या पाण्यावरून वाजलेलं. "तोच शे!" बठ्ठं गाव म्हणालं.

त्याच आठवड्यात अमेरिकेनं दहशतवाद्यांवर म्हणून दूरच्या दोन देशांत क्षेपणास्त्रं सोडली. आमचा शेजारी तोताराम पेपर नाचवत आला. "स्वसंरक्षण! संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लिहिलंय म्हणे. आपणही बांध न ओलांडता इकडूनच पलिते फेकू. त्याच्या शिवारात पायच नाही टाकला, तर गुन्हा कसला?"

नाना उसळले. "हल्ला अंगावर आला तर अडवणं, ते स्वसंरक्षण. नुसत्या संशयावर दुसऱ्याच्या हद्दीत आग टाकायची, हा कुठला कायदा? आधी त्याला विचारा तरी!"

"तुमची बेलिफी कोर्टात ठेवा," मी बापाला म्हणालो. लाज वाटते आता.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी आम्ही बांधावरून पलिते फेकले. कौतिक दुपारी खोपीत नसतो, असं तोताराम म्हणाला आणि मी मान डोलावली. वाळल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या काड्यांच्या भिंती भुर्रकन पेटल्या. आणि आतून कोण बाहेर पडलं? माझा बाप! दोन्ही हात भाजलेले.

"कौतिक आत आहे रे! तापानं उठवत नाही त्याला. ओढा!"

आमचे पाय बांधावरून हलले नाहीत. छप्पर खाली बसलं.

नाना त्याला विचारायला गेले होते. त्यांच्या खिशात भुसावळच्या दवाखान्याचा कागद निघाला. केळी कापली त्या दिवशी कौतिक तिथं खाटेवर पडून होता. अरे देवा, हे काय करून बसलो आम्ही!

फौजदार आला. नानांनी भाजलेला हात माझ्याकडे केला. "जाळणाऱ्यांत हा होता. माझा मुलगा."

मग थांबून म्हणाले, "पण साहेब, आधी त्याचं ऐकून घ्या."

फौजदार माझ्याकडे वळला. "बोल."

"कौतिकला विचारलंच नाही, साहेब," मी म्हणालो.