टाकीचा मूळ रंग

प्रत्येक वस्तूला एक मूळ स्वरूप असते आणि ते तिला परत मिळवून देणे हे सुशिक्षित माणसाचे कर्तव्य आहे, असे एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास माझे ठाम मत होते. मी वर्ध्यात कॉलेजात इतिहास शिकवत होतो, आणि नवी स्कूटर घ्यायची ऐपत नव्हती. मताला दोन्हींचा आधार होता.

वडिलांची मोटारसायकल देवळीच्या घरामागे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या सरपणाखाली पडून होती. इंग्रजी बनावटीची, लष्कराने मोडीत काढलेली. त्यांनी ती कामठीहून आणली होती. ते शाळामास्तर. आमच्या वस्तीतला मास्तर फटफटीवरून शाळेत जातो, हे गावातल्या काही मंडळींना बरीच वर्षे पचले नाही. सुट्टीच्या दिवशी ते आईला मागे बसवून भर बाजारातून नेत. ते गेल्यावर गाडीला कोणी हात लावला नाही. मला आईला एकदा तसेच न्यायचे होते. म्हणून मी ती नालवाडीतल्या एका मिस्त्रीच्या हवाली केली.

टाकी घासताना निळ्या रंगाखाली लष्करी खाकी निघाला. मला उत्खननात नाणे सापडल्यासारखे झाले. सगळी गाडी खाकी करायची. दिवा मूळ, हॉर्न मूळ, सीट मूळ.

"सर, ब्रेकबी मूळचेच ठेवू काय?" मिस्त्रीने विचारले. "ते लागत नाईत."

ब्रेकच्या बाबतीत मी उदार झालो.

त्याच आठवड्यात आई आली. मी तिला कौतुकाने गॅरेजवर नेले. अर्धी घासलेली टाकी पाहून ती दारातच थांबली.

"हे काय करून राह्यला?"

"मूळ रंग काढून राह्यलो, माय."

"काऊन? निळा चावते काय तुले?"

"निळा बाबांनी नंतर लावला. गाडी मुळात खाकी होती."

"मुळात तं आपणबी काय काय होतो. तुह्या बापानं सारं बदललं. धरम बदलला, भिंतीवरचे देव उतरवले, मले अक्षरं शिकवली. आन् तू त्याची गाडी गोऱ्यायच्या फौजेत धाडतं? खाकी केली तं मी बसणार नाई हिच्यावर."

"माय, सर प्रोफेसर हायेत," मिस्त्री म्हणाला.

"म्हणूनच त्याले समजावून सांगा लागते, बाप्पा."

इंजिन मूळ राहिले, ब्रेक नवे आले, रंग बाबांचा ठरला. आता तो हुबेहूब जुळायला हवा होता. मी टाकीचा एक पापुद्रा कागदात बांधून रंगाच्या दुकानात गेलो आणि या निळ्याला अर्थ आहे, असे सांगितले. दुकानदार म्हणाला, "असू द्या. शेड नंबर सांगा."

आईला मी देवळीच्या बाजारातून नेले. ती ताठ बसली होती, आणि ओळखीचे दुकान आले की मला हळू चालवायला सांगत होती.

पुढे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमची गाडी सर्वांत पुढे असू लागली. एका वर्षी पाहुण्या वक्त्याने टाकीकडे हात करून तिच्या निळ्या रंगावर दीर्घ भाषण केले: आकाश, समता, माझ्या वडिलांची दूरदृष्टी. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. परतताना आईला विचारले, बाबांनी निळाच का निवडला होता?

"दारं रंगवाले आणला होता, त्यातला उरला," आई म्हणाली. "मले हिरवा पाहिजे होता. दुकानात हिरवा संपला होता."