आप्पांच्या घोडीची करकर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी लागली आणि मी पुण्याहून सोलापूरला घरी आलो, तेव्हा घरात सगळे घोडीविषयीच बोलत होते. पेपर कसे गेले, असे आव्वाने, म्हणजे माझ्या आईने, पाण्याचा तांब्या देताना विचारले खरे, पण उत्तर पुरते ऐकायच्या आत ती म्हणाली, "घोडीनं जीव नकोसा केलाय बग."

माझे वडील, आप्पा, लुगडी आणि खण घेऊन अक्कलकोटच्या बाजूच्या बाजारांना जात. घोडीच्या पाठीवर पडशी टाकायची, तिच्या दोन्ही पिशव्यांत माल भरायचा आणि वर स्वतः बसायचे. घर त्यावरच चालले होते, आणि घरातला पहिला शिकणारा म्हणून माझे कॉलेजही.

आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस होटगी रस्त्यावरच्या रेल्वे फाटकाशी इंजिनाने एकाएकी वाफ सोडली, घोडी उधळली आणि आप्पा पडले. खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, पण हिवाळाभर ते घरीच होते. पुन्हा बाजार सुरू केले तेव्हापासून घोडीला ही खोड लागली होती. रस्त्याला लागले की ती लगामाचे तोंडातले लोखंड चावू लागे. करकर, करकर, बाजार येईपर्यंत. तोंडाला फेस येई, मधूनच ती अशी मान झटके की आप्पांचा तोल जाई. आणखी एकदा पडले तर तो खांदा पुन्हा बसणार नाही, असे हाडवैद्याने सांगून ठेवले होते.

उपाय सगळ्यांनी केले होते. आव्वाने तुरटीच्या पाण्याने तिचे तोंड धुतले. नालबंदाने दात पाहिले. ते चांगले होते. चुलत्यांनी तिच्या अंगावर कुठे केसांचा वाईट भोवरा निघतो का ते शोधले आणि शेवटी एक काटेरी लगाम आणून खुंटीला अडकवला. त्याच्या लोखंडाला आतून दाते होते. घोड्याने चाळा केला की ते जिभेत रुततात.

"दोन दिस रगत येईल. मग गप बसंल," चुलते म्हणाले.

आप्पा त्या लगामाकडे न बघता म्हणाले, "सोमवारचा बाजार हू दे. तवर न्हाय सुधारली तर घाला."

स्टेशनावर टांग्याच्या एका घोड्याच्या तोंडात मी तसला लगाम पाहिला होता. त्याच्या फेसाचा रंग मला विसरता येत नव्हता. आणि ही घोडी शिंगरू असल्यापासून आमच्या दारात होती. आप्पा तिला बाई म्हणत. मी चुलत्यांना म्हणालो, "काका, सोमवारपर्यंत मी बघू का?"

"बग की. कॉलेजात घोड्याचं पुस्तक असंल."

तसे पुस्तक मी वाचलेले नव्हते. मला सुचले ते मी केले. लोखंड घासून धुतले, गालावरचा पट्टा एक भोक सैल केला आणि तिच्यावर बसून तळ्याकडे गेलो. सगळ्या वाटेत माझे कान तिच्या तोंडाकडे होते. करकर झाली नाही. परत येतानाही नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गिरणीच्या रस्त्याने नेली. भोंगा झाला, माणसांचा लोंढा आला. तिने कान टवकारले, पण तोंड हलवले नाही. मी घरी येऊन सांगितले, "पट्टा घट्ट होता. बरी झाली."

आव्वाने तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली.

रविवारी सकाळी आप्पा सहज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो म्हणून तिच्यावर बसले. अंगणातून बाहेर पडायच्या आत करकर सुरू झाली. चुलते ओट्यावरून माझ्याकडे बघून हसले. मी मात्र आप्पांच्या हातांकडे बघत होतो. त्यांनी लगामाची वादी मुठीभोवती गुंडाळली होती आणि मूठ छातीशी ओढून धरली होती. घोडी अजून चालूही लागली नव्हती आणि तिचे तोंड ओढलेले होते. पडण्याआधी आप्पा कसे बसत ते मला चांगले आठवत होते. एका हातात वादी, तीही सैल, आणि दुसऱ्या हाताने येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम.

मला कळले, पण ते कळून माझी अडचण वाढली. आप्पांना घोड्यावर कसे बसावे हे मी सांगायचे? मी स्वयंपाकघरात जाऊन आव्वाला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खरं हाय तुजं," ती हळू आवाजात म्हणाली. "पडल्यापास्नं त्येंचा हात तसाच हाय. तांब्या धरला तरी वाटतंय, चेपत्यात का काय."

"मग तू सांग त्यांना."

"मी? मला म्हनतील, तुला काय कळतंय घोड्यातलं. तूच सांग. न्हायतर उद्या त्या मुक्या जिवाच्या तोंडात काटे जात्यात."

दिवसभर मी आप्पांच्या मागेपुढे करत राहिलो. ते लुगड्यांच्या घड्या पडशीत भरत होते तेव्हा शेवटी बोललो. नीट बोलताही आले नाही. "आप्पा, लगाम थोडा सैल धरला तर ती चावत नाही. माझ्याखाली चावली नाही."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "मंजी मी भितो म्हन की."

नाही म्हणावे असे तोंडावर आले होते. पण नाही म्हटले असते तर पुढे बोलण्यासारखे काही उरले नसते. मी मान खाली घालून "व्हय" म्हणालो.

ते उठून बाहेर गेले. जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आव्वाने वाढताना दोनदा माझ्याकडे पाहिले.

सोमवारी ते निघाले तेव्हा मी विचारले, "फाटकापर्यंत येऊ?"

"ये," एवढेच म्हणाले.

मी घोडीच्या मानेशी चालत होतो. मूठ छातीशीच होती, करकर चालूच होती. फाटक बंद होते. पुढे कडब्याच्या गाड्या उभ्या होत्या. एक ओळखीचा गाडीवान वळून म्हणाला, "आप्पा, घोडी पान खाती का काय ओ?"

एरवी आप्पांनी त्याला चोख उत्तर दिले असते. आज ते रुळांकडे बघत होते. लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. घोडीने मान झटकली, आप्पांनी वादी आणखी ओढली, तिने पाय आपटला. आता मागचे दोन्ही पाय ती टेकवते की उडवते, हे मला सांगता आले नसते. मी तिच्या तोंडाभोवतीच्या दोरीला, मोरकीला, हात घातला.

"सोड," आप्पा म्हणाले. मी हात काढला. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "बोल कायतरी."

"काय बोलू?"

"तितं काय शिकिवत्यात ते बोल."

दोन वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारले नव्हते. मी गडबडलो आणि खरे तेच बोललो. म्हणालो, मास्तर सगळे इंग्रजीत बोलतात, आणि निम्मे मला कळत नाही.

त्यांनी रुळांवरची नजर काढून माझ्याकडे बघितले. "निम्मं?"

"कधी त्याहून जास्त."

"आनि मग?"

"मग उतरून घेतो. खोलीवर परत वाचतो. तवा थोडं कळतं."

"दुसऱ्या पोरांना इचारावं की."

"हसतात."

"हसू देत," आप्पा म्हणाले. "कुनाची पोरं हायेत?"

मी सांगू लागलो, तेवढ्यात इंजिन फाटकावरून धडधडत गेले. धुराने डोळे चुरचुरले, जमीन हादरली. पुढच्या गाडीचे बैल मागे सरले. घोडी थरथरत उभी राहिली, पण उभी राहिली. मी वर पाहिले. आप्पांचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ घट्ट मिटले होते. हात मात्र खोगिरावर टेकले होते आणि वादी घोडीच्या मानेवर सैल पडली होती.

डबे जाईपर्यंत ते तसेच राहिले. फाटक उघडल्यावर घोडी चालू लागली. पुढच्या उतारावर एकदा करकर झाली. आप्पांनी आपल्या मुठीकडे पाहिले आणि ती उघडली.

"तू जा आता," ते म्हणाले. "ऊन व्हायलंय."

संध्याकाळी ते बाजाराहून आले तेव्हा चुलते काटेरी लगाम मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले होते. मी दाराच्या आत उभा राहिलो.

"काय मग, सुधारली का घोडी?" त्यांनी विचारले.

"घोडी पयल्यापास्नं बरी व्हती," आप्पा उतरत म्हणाले.

"मग इतके दिस करकर कोन करत व्हतं?"

"मी."

चुलते हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी घोडीच्या तोंडातले लोखंड काढले, तिच्या ओठांवरचा फेस आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला पाणी आणायला सांगितले.